अंड्यातला फ्लू

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात बंडाबर्ग नावाचे गाव आहे. १९२८ च्या जानेवारीत तिथे घटसर्पाची लस टोचलेली बारा मुले दगावली. रोगाने नव्हे, रोग टाळायला टोचलेल्या सुईने! चौकशी बसली. प्रयोगशाळेतले काम मेलबर्नच्या हॉल इन्स्टिट्यूटमधल्या अठ्ठावीस वर्षांच्या डॉ. मॅकफर्लेन बर्नेट यांच्याकडे आले. त्यांना बाटलीत स्टॅफिलोकॉकस जंतू सापडले. एकाच रबरी बुचाच्या बाटलीतून पुन्हापुन्हा औषध काढले गेले होते आणि त्यात जंतुनाशक घातलेले नव्हते.

बर्नेट यांचा जन्म १८९९ चा. वडील बँकेचे मॅनेजर. (आम्हा बँकवाल्यांच्या घरातही भुंगे गोळा करणारे पोर निपजते, याचे मला भारी समाधान वाटते.)

१९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी माणसातला फ्लूचा विषाणू प्रथम वेगळा केला, तेव्हा बर्नेट त्याच संस्थेत होते. तिथे तो फेरेट या मुंगसासारख्या प्राण्यात वाढवीत. मेलबर्नला परतल्यावर बर्नेट यांनी तो कोंबडीच्या अंड्यात वाढवण्याची रीत बसवली. उबवणीचे अंडे दिव्यासमोर धरायचे, कवचाला बारीक भोक पाडून विषाणू आत सोडायचा, भोक बुजवून अंडे पुन्हा उबेला ठेवायचे. आजही फ्लूची बहुतेक लस अंड्यातच तयार होते.

मग महायुद्ध आले. १९१८ ची साथ कोणी विसरले नव्हते. बर्नेट यांचा विचार साधा होता: फ्लू नाकातून शिरतो, तर पहारा नाकातच बसवावा. जिवंत पण दुबळा केलेला विषाणू फवारून १९४२ मध्ये सैनिकांवर प्रयोग झाले. लशीचा उपयोग मात्र सिद्ध झाला नाही. हा विषाणू बहुरूपी. लशीत एक रूप आणि छावणीत दुसरेच, अशी गत होते. पुढे टोचायची मृत विषाणूंची लसच रूढ झाली. बर्नेट प्रतिकारशक्तीच्या अभ्यासाकडे वळले आणि १९६० चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले, फ्लूसाठी नव्हे. १९८५ मध्ये ते गेले.

नाकातली लस रशियात मात्र टिकली. अमेरिकेने २००३ मध्ये तिला परवानगी दिली. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. पुढल्या जुलैत पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने त्या फ्लूवरची लस आणली. सुई नाही, नाकात फवारायची. तिच्यातला विषाणू जिवंत, दुबळा केलेला आणि कोंबडीच्या अंड्यात वाढवलेला.