मंगळावरचा हल्ला लिहिणारा लेखक गालिच्यावर पालथा पडून लढाया खेळायचा

रील्स बघताना हा व्हिडिओ कधीतरी तुमच्याही समोर आला असेल. अंगठ्याहून लहान असा अंतराळातला चिलखती सैनिक, आणि भिंग लावून त्याच्या शिरस्त्राणावर लाल रेघ ओढणारा एक माणूस. आधी प्रायमर, त्यावर बेस कोट. मग पातळ, काळपट वॉश, जो फटीफटीत उतरून आपोआप सावली तयार करतो. शेवटी जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की चिलखताच्या कडा चमकायला लागतात. एका सैनिकात दोन-तीन संध्याकाळी सहज जातात. अशी पलटण तयार झाली की मोजपट्टी आणि फासे घेऊन टेबलावर लढाई सुरू.

या छंदातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे 'वॉरहॅमर 40,000'. तो 1987 साली इंग्लंडमध्ये आला. पण छोटे सैनिक मांडून, नियमाने, घरच्या घरी लढाई कशी खेळायची हे सांगणारं पुस्तक त्याच्या 74 वर्षं आधीच आलं होतं. लिहिणारा माणूस ना फौजी होता, ना खेळण्यांचा व्यापारी. तो होता एच. जी. वेल्स. हो, 'टाइम मशीन'वाला.

हर्बर्ट जॉर्ज वेल्सचा जन्म 21 सप्टेंबर 1866 चा, केंटमधल्या ब्रॉम्ली गावातला. वडील जोसेफ चिनी मातीची भांडी आणि क्रिकेटचं सामान विकायचे, आणि स्वतः व्यावसायिक क्रिकेटपटू होते. 1862 मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या चार फलंदाजांना सलग चार चेंडूंवर बाद केलं होतं. (आज हे झालं असतं तर आठवडाभर मीम्स चालली असती.) दुकान मात्र कधीच नीट चाललं नाही.

1874 मध्ये छोट्या हर्बर्टचा पाय मोडला. तो अंथरुणाला खिळला आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचत सुटला. तीन वर्षांनी वडिलांचाही पाय मोडला आणि त्यांचं क्रिकेट संपलं. आई एका बड्या घराण्याच्या वाड्यावर व्यवस्थापिका म्हणून राहायला गेली आणि पोराला कापडाच्या दुकानात उमेदवारीला लावलं गेलं. त्या दुकानातले दिवस वेल्सला आयुष्यभर टोचत राहिले.

याच काळातली एक गोष्ट त्याने पुढे आत्मचरित्रात स्वतःहून सांगितली आहे. तेराएक वर्षांचा असताना तो गावाबाहेर एकटा फिरायचा आणि मनातल्या मनात मोठमोठ्या फौजा चालवायचा. दिसेल त्या टेकडीवर तोफा, दिसेल त्या शेतात घोडदळ. युद्धाचं वेड त्याला होतंच. ते नाकारायचा प्रयत्न त्याने कधी केला नाही.

1884 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली आणि तो लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात पोहोचला. तिथे जीवशास्त्र शिकवायला होते थॉमस हक्सले, डार्विनचे खंदे समर्थक. पुढचं बहुतेकांना माहीत आहे. 1895 ते 1898 या चार वर्षांत 'द टाइम मशीन', 'द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो', 'द इनव्हिजिबल मॅन' आणि 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'. कापडदुकानातला पोऱ्या जगप्रसिद्ध झाला.

आता मूळ विषयाकडे. पैसा आल्यावर वेल्सने सँडगेटला समुद्राजवळ घर बांधलं. 1901 आणि 1903 मध्ये जिप आणि फ्रँक हे दोन मुलगे झाले. त्यांची खेळणी जमिनीवर पसरलेली असायची आणि बापही त्यांच्यासोबत जमिनीवरच.

एक दिवस जेवायला लेखक जेरोम के. जेरोम आला होता, 'थ्री मेन इन अ बोट'वाला. जेवणानंतर समोर दिसली स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली तोफ आणि काही सैनिक. जेरोमने नेम धरून एक सैनिक पाडला. मग काय, पैजा लागल्या! वेल्सला मात्र त्यातून नुसती गंमत नाही, एक अख्खा खेळ दिसायला लागला.

खेळण्यांची बाजू इथे समजून घ्यायला हवी. 1893 मध्ये विल्यम ब्रिटन यांच्या लंडनमधल्या कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायची पद्धत आणली. शिसं कमी लागल्यामुळे किंमत उतरली. साधारण 54 मिलिमीटर उंचीचे हे सैनिक दुकानात यायचे तेच हाताने रंगवून. खेळणाऱ्याने स्वतः ब्रश हातात घ्यायची पद्धत पुढे रुजली. पण रंगाचं पहिलं काम तेव्हाही हेच होतं: गर्दीत आपला कोण आणि शत्रूचा कोण हे एका नजरेत कळणं. वेल्सच्या पुस्तकातली लढाईही लाल विरुद्ध निळे अशीच आहे.

प्रशियाच्या सैन्यात अधिकारी नकाशावर युद्धखेळ खेळायचेच. वेल्सने ते प्रकरण घरात आणलं. विश्वकोशाचे जाडजूड खंड झाले टेकड्या. पायदळ एका चालीत 1 फूट, घोडदळ 2 फूट. प्रत्येक चालीला घड्याळ लावलेलं. तोफेजवळ चार माणसं उरली नाहीत तर ती डागता येणार नाही. फासे नाहीतच, तोफेतून लाकडाचा तुकडा खरोखर उडवायचा, जो पडला तो मेला. 1911 ला 'फ्लोअर गेम्स' आणि 1913 ला 'लिटल वॉर्स' ही पुस्तकं आली.

'लिटल वॉर्स'चा शेवट अनपेक्षित आहे. वेल्स म्हणतो, हा खेळ दोन-चार वेळा खेळा, म्हणजे खरं युद्ध किती मूर्खपणाचा गोंधळ असेल ते कळेल. युद्धखोर राजांना आणि पुढाऱ्यांना ढीगभर सैनिक देऊन एका मोठ्या दालनात ठेवावं, खेळू देत तिकडे, असंही तो सुचवतो. पण त्याच पुस्तकाच्या पुरवणीत खेळ लष्करी प्रशिक्षणासाठी कसा वापरता येईल हेही आहे. मला हा विरोधाभास फार वेल्ससारखा वाटतो.

वर्षभरात जग पेटलं. 4 ऑगस्ट 1914 ला ब्रिटन युद्धात उतरलं. त्याच दिवशी वेल्सला लेखिका रेबेका वेस्टपासून अँथनी हा मुलगा झाला. सँडगेटच्या घरातला प्रेमळ बाप हे चित्र खरं आहे, पण पूर्ण नाही. आणि युद्धाला खुळेपणा म्हणणारा हाच माणूस आता हे युद्ध सगळी युद्धं संपवेल असं पटवून देत लेख लिहायला लागला. 1918 मध्ये तर तो सरकारी प्रचारखात्यात काम करत होता. त्याचे मुलगे लहान होते म्हणून वाचले.

त्याच्या कल्पना मात्र खऱ्या होत गेल्या. 1903 च्या कथेतले लोखंडी रणगाडे 1916 मध्ये सोमच्या लढाईत उतरले. 1914 च्या कादंबरीत त्याने अणुबॉम्ब हा शब्द वापरला. ती कादंबरी लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने 1932 मध्ये वाचली आणि पुढच्याच वर्षी त्याला अणूच्या साखळी प्रक्रियेची कल्पना सुचली. हिरोशिमाची बातमी वेल्सने जिवंतपणी ऐकली. 13 ऑगस्ट 1946 ला लंडनच्या घरी तो गेला.

गालिच्यावरचा खेळ मागे उरला. 1971 मध्ये अमेरिकेत 'चेनमेल' हे मिनिएचर लढायांचं नियमपुस्तक आलं आणि त्यातून 1974 ला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. या दोन्हींमागे असलेल्या गॅरी गायगॅक्सने 2004 मध्ये 'लिटल वॉर्स'च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. वेल्सच्या मंगळवासीयांची तीन पायांची यंत्रंही आता मिनिएचर रूपात आली आहेत. रंग मात्र तुमचे तुम्ही द्यायचे.