अब्राहम लिंकनला सातव्या वर्षी घर सोडावं लागलं, कारण वडिलांच्या जमिनीचं टायटल क्लिअर नव्हतं

अब्राहम लिंकन म्हटलं की आपल्याला शाळेच्या भिंतीवरचं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आठवतं. ते पत्र त्यांनीच लिहिल्याचा पुरावा नाही, तो भाग वेगळा. पण लिंकनच्या आयुष्याला वळण देणारी एक गोष्ट मात्र पक्की नोंदलेली आहे. ती म्हणजे जमिनीची कागदपत्रं.

लिंकनचे वडील थॉमस सुतारकाम आणि शेती करायचे. १८०३ मध्ये त्यांनी केंटकी राज्यात मिल क्रीक इथं २३८ एकर जमीन घेतली. मोजणीत गडबड निघाली आणि ३८ एकर हातातून गेली. ११८ पौंडांना घेतलेली जमीन पुढे १०० पौंडांना विकावी लागली.

डिसेंबर १८०८ मध्ये त्यांनी २०० डॉलर रोख मोजून सिंकिंग स्प्रिंगचं शेत घेतलं. तिथल्याच एका खोलीच्या लाकडी घरात १२ फेब्रुवारी १८०९ ला अब्राहम जन्मला. पण या जमिनीच्या जुन्या मालकाचे पैसे मधल्या खरेदीदाराकडे थकलेले होते. प्रकरण कोर्टात गेलं आणि थॉमस यांच्या हातून शेतही गेलं, पैसेही गेले. उधारी दुसऱ्याची, फटका यांना.

मग कुटुंब नॉब क्रीकला आलं. तिथं फिलाडेल्फियाच्या एका कुटुंबाच्या वारसांनी दावा ठोकला, की ही सगळी जमीन आमची आहे. थॉमस आणि त्यांचे नऊ शेजारी कोर्टाच्या फेऱ्यात सापडले.

आता प्रश्न पडतो, एकाच माणसाच्या मागे एवढी साडेसाती का?

तर केंटकीत सरकारी मोजणी आधी झालेलीच नव्हती. ज्याने त्याने झाड, दगड, ओढा धरून हद्दी लिहून घेतल्या. त्यामुळे एका जमिनीवर दोन-दोन, तीन-तीन दावे बसले. शेजारच्या इंडियानात मात्र सरकार आधी चौकोनी मोजणी करायचं आणि मगच जमीन विकायचं. म्हणून १८१६ च्या शेवटी दाव्याच्या निकालाची वाट न बघता थॉमस यांनी बिऱ्हाड इंडियानात हलवलं. लिंकननी पुढे स्वतःच लिहून ठेवलंय, की स्थलांतराला गुलामगिरीचं कारण काही अंशी होतं, पण मुख्य कारण जमिनीच्या मालकीची भानगड हेच होतं. दोन वर्षांत तिथं त्यांची आई नॅन्सी वारली. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते.

पुढे १८३३ मध्ये लिंकन इलिनॉयमध्ये चक्क जमीन मोजणी करायला लागले, मग वकील झाले. १८४४ मध्ये स्प्रिंगफील्डला घर घेतलं. त्यांच्या मालकीचं ते एकमेव घर. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर २० मे १८६२ ला त्यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षं राहून जमीन कसली की १६० एकर सरकारी जमीन नावावर. अर्थात ही जमीन मुळात तिथल्या मूलनिवासींकडून गेलेली होती, हेही विसरून चालत नाही.

१५ एप्रिल १८६५ ला लिंकन गेले. त्यानंतर तीन वर्षांनी पेनसिल्व्हेनियात एका खरेदीदाराचे जुन्या बोज्यापायी पैसे बुडाले आणि कागद तपासणारा जबाबदार नाही, असा निकाल लागला. त्यातूनच १८७६ मध्ये फिलाडेल्फियात पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी निघाली.

हा विमा मागचं बघतो. खोटी सही, लपलेला वारस, जुना बोजा असं काही खरेदीनंतर उघडकीला आलं, तर कोर्टाचा खर्च आणि ठरलेल्या रकमेपर्यंत नुकसान कंपनी देते. हप्ता एकदाच, खरेदीच्या वेळी.

अमेरिकेत घर घेणाऱ्या मराठी मंडळींचा घोळ इथंच होतो. कर्ज देणारी बँक सहसा पॉलिसी घ्यायलाच लावते, पण ती बँकेची असते. तुमचं डाउन पेमेंट त्यात सुरक्षित नसतं. त्यासाठी मालकाची पॉलिसी वेगळी, आणि ती घ्यायची की नाही हे तुम्हीच ठरवायचं.

मग घ्यावी का? सिंकिंग स्प्रिंगसारखी भानगड असेल तर ती कामाला येते. मिल क्रीकसारख्या हद्दीच्या वादात मात्र मोजणी करून घेतलेली नसेल, तर अनेक पॉलिसी हात वर करतात. म्हणून काय वगळलंय ते आधी वाचायचं. हप्ता एकदाच जातो, पण दावा उभा राहिला तर आयुष्यभराची बचत पणाला लागते. ती बुडाली तर पुन्हा उभं राहणं जमणार नसेल, तर पॉलिसी घेतलेली बरी.

आपल्याकडेही दस्त नोंदवला म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही, आणि सातबारा हा महसुली कागद आहे. रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने टायटलचा विमा काढण्याची तरतूद आहे, पण ती राज्य सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. त्यामुळे वकिलाकडून सर्च रिपोर्ट घेणं काही चुकत नाही.

थॉमस लिंकन यांनी पैसे रोख मोजले होते. कमी पडली ती कागदाची खात्री.