विश्लेषण : ४७ वर्षे जुन्या मोटारसायकलने विक्रम कसा केला?

ऑगस्ट १९६७. अमेरिकेतील बॉनव्हिलचे मिठाचे मैदान. ६८ वर्षांच्या बर्ट मन्रो यांनी १९२०ची मोटारसायकल ताशी सुमारे २९५ किमी वेगाने पळवली आणि १००० सीसीखालील गटात विक्रम केला. हे इंजिन त्यांनी घरच्या शेडमध्ये घडवले होते.

कोण होते मन्रो?

जन्म १८९९, न्यूझीलंड. मोटारसायकल विक्रेते आणि मेकॅनिक. १९२० मध्ये त्यांनी ६०० सीसीची ‘इंडियन स्काउट’ घेतली. नाव ‘इंडियन’ असले तरी गाडी अमेरिकी होती. तिचा मूळ कमाल वेग ताशी जेमतेम ८७ किमी होता.

हेड का बदलले?

मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी होते. त्यामुळे पेट्रोल-हवेचे मिश्रण वळसा घेऊन आत जाई आणि कॉम्प्रेशन फारसे वाढवता येत नसे. मन्रो यांनी व्हॉल्व्ह पिस्टनच्या वर आणणारे नवे सिलिंडर हेड स्वतः तयार केले. मिश्रणाचा मार्ग सरळ झाला, ताकद वाढली.

ब्लॉक-पिस्टन कुठून आणले?

सिलिंडरचे बॅरल, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ब्लॉक, त्यांनी जुन्या बिडाच्या गॅसपाइपमधून बनवले. पिस्टन घरीच ओतले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून घडवले. इंजिनची क्षमता पुढे ९५० सीसीपर्यंत गेली.

सर्वांत अवघड काय होते?

पिस्टन आणि बॅरलमधील फट. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळपास दुप्पट प्रसरण पावते. फट कमी पडली की इंजिन सीझ होते. जास्त झाली की वायू निसटतो आणि कॉम्प्रेशन घटते. मन्रो यांचे इंजिन अनेकदा फुटले. प्रत्येक वेळी ते खोलायचे, तुटलेला भाग पाहायचे आणि नवा बनवायचे. निकामी भाग त्यांनी फेकले नाहीत. वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते शेडमधील फळीवर मांडून ठेवले. १९५०च्या दशकाअखेरीस हृदयविकाराचा त्रास सुरू झाला, तरी काम थांबले नाही. १९६२ मध्ये त्यांनी बॉनव्हिलला पहिला विक्रम केला.

पुढे काय झाले?

६ जानेवारी १९७८ रोजी मन्रो यांचे निधन झाले. २००५ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला. २०१४ मध्ये त्यांच्या मुलाला १९६७च्या नोंदीत आकडेमोडीची चूक सापडली आणि विक्रम दुरुस्त झाला. सुधारित वेग ताशी सुमारे २९६ किमी. निधनानंतर ३६ वर्षांनी मन्रो यांचा वेग आणखी वाढला.