डॉक्टर सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर

धाराशिवपासून थोड्या अंतरावर तेरणा नदीच्या कांठीं तेर नांवाचें गांव आहे. गोरोबाकाकांचें स्थान म्हणून वारकऱ्यांस तें ठाऊक आहे. परंतु ग्रीक व रोमन व्यापारी ज्या शहरास तगर म्हणत, तें शहर हेंच, ही गोष्ट इ. स. १९०१ पूर्वीं कोणासही निश्चयानें सांगतां येत नव्हती. आपल्या या प्रांताचा प्राचीन इतिहास अंधारांतून बाहेर काढण्याच्या कामीं ज्यांनीं सर्वांहून अधिक श्रम केले, त्या रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचें चरित्र येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

रामकृष्णपंतांचा जन्म ता. ६ जुलै १८३७ रोजीं कोंकणांत मालवण येथें झाला. वडील सरकारी महसूल खात्यांत कारकून होते. त्यांची बदली रत्नागिरीस झाली नसती, तर मुलास इंग्रजी शाळेचें दर्शनही घडलें नसतें. कारण त्या काळीं अशी शाळा जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणींच काय ती असे. रत्नागिरीहून ते मुंबईस एल्फिन्स्टन विद्यालयांत गेले. इ. स. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें व इ. स. १८६२ सालीं त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे होते व भांडारकरही होते. पुढच्याच वर्षीं त्यांनीं एम्. ए. ची पदवी मिळविली. नंतर ते प्रथम सिंधमधील हैदराबाद येथें (निजामाचें हैदराबाद तें निराळें) व मग रत्नागिरीस सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक झाले.

शाळेंत शिकवितांना त्यांस एक अडचण दिसली. संस्कृत शिकावयाचें म्हणजे वर्षानुवर्षें पाठांतर करावयाचें, अशी जुनी रीत. इंग्रजी शाळेंतील मुलास तितका अवकाश कोठून मिळणार? म्हणून त्यांनीं ‘मार्गोपदेशिका’ व ‘मंदिरान्तःप्रवेशिका’ हीं दोन पुस्तकें लिहिलीं. आपल्या वाचकांपैकीं कित्येकांच्या आजोबांनीं संस्कृतांतील पहिलीं पावलें याच पुस्तकांच्या आधारानें टाकिलीं असतील.

इ. स. १८६८ पासून ते एल्फिन्स्टन कॉलेजांत संस्कृतच्या प्राध्यापकाचें काम हंगामी म्हणून पाहूं लागले. काम उत्तम झालें. तथापि जागा कायम करण्याची वेळ आली, तेव्हां ती विलायतेहून आलेल्या पीटरसन साहेबांस मिळाली. ज्या खुर्चीवर चार वर्षें बसावयाचें, तिच्याच शेजारीं पुढें सुमारें आठ वर्षें साहाय्यक म्हणून उभें राहावयाचें! दुसरा एखादा मनांत कुढत बसला असता. भांडारकरांनीं तीं वर्षें ताम्रपट, शिलालेख व हस्तलिखितें वाचण्यांत घालविलीं, आणि त्यांच्या कीर्तीचा पाया याच काळांत घातला गेला. इ. स. १८७४ सालीं लंडन येथें प्राच्यविद्यापंडितांची परिषद भरली, तीस त्यांनीं नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. डेक्कन कॉलेजांतील संस्कृतची मोठी जागा त्यांस मिळाली, ती डॉक्टर कीलहॉर्न जर्मनीस परत गेल्यावर. गटिंगेन विद्यापीठानें त्यांस इ. स. १८८५ सालीं डॉक्टरची सन्माननीय पदवी दिली.

त्या काळच्या विद्यापीठांत इतिहास म्हणजे बहुधा इंग्लंडचा, ग्रीसचा व रोमचा. आपल्या देशाच्या प्राचीन काळाविषयीं शिकवावें, तर हातीं पुराणें व दंतकथा एवढेंच साधन. भांडारकरांची रीत अशी, कीं पुराणांतील राजांची यादी घ्यावयाची, ती शिलालेखाशीं ताडून पाहावयाची, शिलालेख नाण्याशीं व नाणें परदेशी प्रवाशाच्या वृत्तांताशीं. आणि जेथें मेळ बसेल तेवढेंच खरें धरावयाचें. इतिहास लिहिणारानें वकील होऊं नये, न्यायाधीश व्हावें, असें ते सांगत. स्वदेशाचा अभिमान म्हणून लेखाचें वय वाढवूं नये व परकी पंडित म्हणतो म्हणून तें कमीही करूं नये, हें त्यांचें धोरण. इ. स. १८८८ सालीं मुंबईच्या फ्री चर्च कॉलेजांतील विद्यार्थ्यांपुढें त्यांनीं याच विषयावर व्याख्यान दिलें. तेंच कॉलेज पुढें विल्सन कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलें.

या रीतीचें फळ म्हणजे इ. स. १८८४ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा दख्खनचा प्राचीन इतिहास. मुंबई सरकारच्या गॅझेटियरकरितां तो लिहिला होता. सातवाहन, चालुक्य, राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव हीं नांवें आज शाळेंतील मुलगाही अनुक्रमानें म्हणतो; तो अनुक्रम लावण्यास केवढे कष्ट पडले, याची त्यास कल्पना नसते.

या ग्रंथांतच तगराचा प्रश्न येतो. सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वींच्या एका ग्रीक खलाशानें लिहून ठेविलें आहे, कीं भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हें मोठें शहर असून तेथील कापड गाड्यांवर लादून अवघड मार्गानें भडोच बंदरास नेतात. पुढें शिलाहार राजे आपणांस तगरचे स्वामी म्हणवीत. पण हें तगर कोठें? कोणी दौलताबाद म्हणाले, कोणी जुन्नर. भांडारकरांनीं अंतर व दिशा पाहून बीडकडील धारूर सुचविलें. इ. स. १९०१ सालीं डॉक्टर फ्लीट यांनीं तेर हेंच तगर असें सिद्ध केलें. धारूर हें तेरच्या बरेंच उत्तरेस. म्हणजे भांडारकरांचा तर्क चुकला. परंतु दौलताबाद व जुन्नर यांच्यापेक्षां तो खऱ्या जागेच्या किती जवळ पोंचला होता, हें नकाशा उघडून अवश्य पाहावें. पुढें तेरच्या पांढरीच्या टेकाडांत सातवाहनांचीं नाणीं, मातीच्या मूर्ति व एक सुरेख हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. इटलींत पाँपेई येथें सांपडलेल्या हस्तिदंती मूर्तीशीं विद्वान तिची तुलना करितात. तेरच्या संग्रहालयांत या वस्तु ठेविल्या आहेत.

नाशिकच्या लेखांत गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांचा वंश बुडविल्याचें लिहिलें आहे. इ. स. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपान क्षहराताचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं निघालीं. त्यांपैकीं दोनतृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा पुनः मारलेला होता! दगडावरील शब्दास रुप्याची साक्ष मिळाली, आणि ती पाहण्यास भांडारकर हयात होते.

जी कसोटी ग्रंथांस लावावयाची तीच घरांतही लावण्याचें धैर्य त्यांस होतें. इ. स. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यावरून मोठें वादळ उठलें, तेव्हां धर्मशास्त्राचे आधार काढून त्यांनीं कायद्याची बाजू घेतली. त्याच वर्षीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह त्यांनीं करून दिला. त्यामुळें जातींत व नगरांत त्यांस पुष्कळ निंदा सोसावी लागली.

इ. स. १८९३ सालीं ते डेक्कन कॉलेजांतून निवृत्त झाले व मुंबई विद्यापीठाचे उपकुलपति झाले. ज्या विद्यापीठाची पहिली परीक्षा दिली, त्याचीच सूत्रें हातीं आलीं. इ. स. १९११ सालीं सरकारनें त्यांस सर ही पदवी दिली. त्यांच्या ऐंशींव्या वाढदिवशीं, ता. ६ जुलै १९१७ रोजीं, पुण्यास त्यांच्या नांवाची प्राच्यविद्या संशोधन संस्था उघडली. आपला सर्व ग्रंथसंग्रह त्यांनीं तीस दिला. सरकारच्या वतीनें गोळा झालेलीं हजारों हस्तलिखितेंही, ज्यांतील पुष्कळ त्यांनीं स्वतः गुजराथ व राजपुतान्यांत हिंडून मिळविलीं होतीं, पुढें तेथेंच आलीं. त्याच वर्षीं त्यांचे पुत्र देवदत्तपंत कलकत्ता विद्यापीठांत प्राचीन हिंदुस्थानच्या इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक झाले. पित्यास जो विषय संस्कृतच्या आडून शिकवावा लागला, त्यास स्वतःचें आसन मिळालें होतें.

ता. २४ ऑगस्ट १९२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. त्यांच्या संस्थेंत महाभारताच्या शेंकडों पोथ्या ताडून शुद्ध पाठ ठरविण्याचें काम तेव्हां चालूं होतें, तें इ. स. १९६६ सालीं पूर्ण झालें.