दूध सोडलेले गांधीजी शेवटपर्यंत शेळीच्या दुधावर का राहिले?

केनवड (ता. रिसोड) : मांस-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, तूपही खायचं नाही, या आहाराला वीगन म्हणतात. मोबाईलमुळे हा शब्द आता खेड्यापाड्यातही पोचला. असा नेम धरणं सोपं, वर्षानुवर्षं टिकवणं अवघड. महात्मा गांधींनी हे शंभर वर्षांपूर्वीच अंगावर काढलं होतं.

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. १८८८ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला निघाले, तेव्हा मांसाला शिवणार नाही असा शब्द त्यांनी आईला दिला. तिथं अर्धपोटी दिवस काढले, पण शब्द पाळला.

पुढं दक्षिण आफ्रिकेत १९१२ साली टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी मित्र कॅलनबॅक यांच्यासोबत दूधही सोडलं. दुधानं विकार वाढतात असं त्यांचं मत होतं. शिवाय कलकत्त्याकडं जास्त दूध काढण्यासाठी गाई-म्हशींचे कसे हाल करतात, हे त्यांच्या वाचण्यात आलं होतं. मग शेंगदाणे, केळी, खजूर, लिंबू अन् ऑलिव्हचं तेल यावर गुजराण सुरू झाली.

१९१४ मध्ये लंडनला ते आजारी पडले. डॉ. जीवराज मेहता अन् गोपाळ कृष्ण गोखले यांनी दूध घ्या म्हणून गळ घातली. गोखल्यांना ते गुरू मानत, तरी नाही म्हणाले.

खरी कसोटी १९१८ मध्ये लागली. खेडा जिल्ह्यात फिरताना आमांश झाला, अंगावर मांस राहिलं नाही. माथेरानची हवाही मानवली नाही. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितलं, दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही. कस्तुरबा खाटेजवळच उभ्या होत्या. नेम गाई-म्हशीच्या दुधाचा होता ना, मग शेळीचं घ्यायला काय हरकत, असा मार्ग त्यांनी सुचवला. गांधीजींनी तो धरला, कारण पुढं रौलट कायद्याविरुद्ध लढायचं होतं, जगणं भाग होतं.

पण मन खात राहिलं. नेमाचे शब्द पाळले, आत्मा मोडला, हे त्यांनी आत्मचरित्रात लपवलं नाही. १९२९ साली दूध बंद करून कच्च्या अन्नाचा प्रयोग केला. अशक्तपणा आला, परत शेळी दारात आली. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत सोयाबीन खाऊन पाहिलं. आज आपल्या वाशिम जिल्ह्याचं घर ज्या पिकावर चालतं तेच हे सोयाबीन, बरं का! तरी शेळीचं दूध सुटलं नाही. दुधाच्या तोडीचं वनस्पतीजन्य अन्न कोणी शोधावं, ही त्यांची इच्छा मात्र कायम राहिली.

३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी शास्त्रज्ञांना बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळं काढता आलं. डाळी, भाजीपाला, फळं यांतून ते मिळत नाही. दूध, अंडी, मांसातून मिळतं. म्हणून आज दूध सोडणाऱ्याला डॉक्टर त्याची गोळी घ्यायला सांगतात. गांधीजींच्या काळी ही सोय नव्हती.

तेव्हा घरातल्या कोणी दूध सोडलं तर हसू नका, अन् जबरदस्तीही करू नका. फक्त रक्त तपासून घ्या, डॉक्टरला विचारा. आणि नेम झेपला नाही तर उघड सांगावं. एवढा मोठा माणूस सांगू शकला, मग आपल्याला कसली लाज?