अंतर्मुखांना प्रतिष्ठा देणारा मनोवैज्ञानिक

'अंतर्मुख' आणि 'बहिर्मुख' हे शब्द मराठीला नवे नाहीत. अध्यात्माच्या भाषेत ते पूर्वापार रूढ आहेत. मात्र मित्रमंडळींत न रमणाऱ्या मुलाला किंवा सभा गाजविणाऱ्या सहकाऱ्याला आज ही विशेषणे लावली जातात, तेव्हा त्यांमागचा अर्थ स्वित्झर्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ कार्ल गुस्ताव युंग यांनी घडविलेला असतो.

२६ जुलै १८७५ रोजी कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या केसविल या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी युंग यांचा जन्म झाला. धाकटी बहीण जन्मली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. तोवरचे बालपण एकट्याने खेळण्यातच गेले. दहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी लाकडी पट्टीच्या टोकाला इवलासा माणूस कोरला, पेन्सिलींच्या डबीत त्याला निजविले आणि ती डबी माळ्यावर लपविली. हे गुपित त्यांनी कित्येक वर्षे जपले.

बाझल येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९००मध्ये ते झुरिचच्या बुर्गहोल्झ्ली मनोरुग्णालयात रुजू झाले. रुग्णाला एक शब्द ऐकवायचा आणि त्याच्या मनात प्रथम कोणता शब्द येतो, त्याला किती वेळ लागतो हे नोंदवायचे, या प्रयोगांनी त्यांचे नाव झाले. १९०७मध्ये व्हिएन्नात सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी पहिली भेट झाली, तेव्हा दोघे सुमारे तेरा तास बोलत राहिले. फ्रॉइड यांनी त्यांना आपला वारस मानले. १९१०मध्ये आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघटनेचे पहिले अध्यक्षपदही युंग यांच्याकडे आले.

हे सख्य १९१३मध्ये तुटले. फ्रॉइड यांच्यापासून आल्फ्रेड अॅडलर आधीच दुरावले होते. एकाच रुग्णाचे दुखणे फ्रॉइड सहजप्रवृत्ती आणि इतरांशी जडलेल्या नात्यांतून उलगडत, तर अॅडलर रुग्णाच्या न्यूनगंडातून आणि वर्चस्वाच्या ओढीतून. दोन्ही उलगडे पटण्याजोगे, तरीही परस्परविरोधी का, हा प्रश्न युंग यांना छळू लागला. पाहणाऱ्याच्या मनाचा कल कोठे आहे, यातच त्याचे उत्तर असल्याचे त्यांना जाणवले. सप्टेंबर १९१३मध्ये म्युनिकच्या परिषदेत त्यांनी याच विषयाची मांडणी केली. तेथेच त्यांची आणि फ्रॉइड यांची अखेरची भेट झाली.

पुढची काही वर्षे एकटेपणाची होती. सहकारी दुरावले, विद्यापीठातील अध्यापन त्यांनी १९१४मध्ये सोडले आणि स्वतःच्याच मनाचा तळ ते धुंडाळू लागले. या काळातील चिंतनानंतर १९२१मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बहिर्मुखाची मानसिक ऊर्जा बाहेरच्या जगाकडे धावते, अंतर्मुखाची आतल्या जगाकडे वळते. दोन्ही कल प्रत्येकात असतात. एक वरचढ ठरतो, दुसरा अबोध मनात दबून राहतो. अंतर्मुखता हा दोष किंवा आजार नव्हे, ही त्यांची शिकवण सर्वांत मोलाची ठरली.

१९३०च्या दशकात जर्मनीशी निगडित मानसोपचार संस्थेचे अध्यक्षपद स्वीकारल्याने त्यांच्यावर टीकाही झाली. १९३७च्या अखेरीस ते भारतात आले; अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या.

हान्स आयझेंक यांनी पुढे या कल्पनेला मोजमापाची जोड दिली. माणसांचे दोन कप्पे नसून ही एक सलग पट्टी आहे आणि बहुसंख्य लोक तिच्या मध्यभागी असतात, असे आज मानले जाते.

जगभर कीर्ती पसरल्यावरही युंग झुरिच सरोवराकाठी बोलिंगेन येथे स्वतः बांधलेल्या दगडी घरात जाऊन राहत. तेथे वीज नव्हती. पाणी विहिरीचे आणि लाकडे स्वतः फोडलेली. ६ जून १९६१ रोजी क्युस्नाख्त येथे त्यांचे निधन झाले.