ताजुद्दीन बाबा

हजरत बाबा सय्यद मोहम्मद ताजुद्दीन (जन्म : कामठी, २७ जानेवारी १८६१, मृत्यू : नागपूर, १७ ऑगस्ट १९२५) हे नागपूरचे सुप्रसिद्ध सूफी संत होते. लष्करातील शिपाई, कामठीच्या रस्त्यांवर हिंडणारा वेडा, सरकारी इस्पितळातील मनोरुग्ण आणि भोसले राजघराण्याचे पूज्य अतिथी अशा चार अवस्थांतून त्यांचे आयुष्य गेले. १८९२ ते १९०८ अशी सुमारे सोळा वर्षे ते नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात होते. त्यामुळे त्यांचे जीवन संतचरित्र म्हणून वाचले जाते, तसेच त्या काळी वेड कशाला म्हणत आणि वेड्याची जबाबदारी कोण घेई, याचा दाखला म्हणूनही ते अभ्यासण्याजोगे आहे.

बालपण आणि शिक्षण

ताजुद्दीन यांचा जन्म नागपूरजवळील कामठी येथे झाला. कन्हान नदीकाठचे हे गाव १८२१ मध्ये वसलेल्या इंग्रजी छावणीभोवती वाढले होते. वडील सय्यद बद्रुद्दीन हे मद्रास पलटणीत सुभेदार होते. आईचे नाव मरियम बी. ताजुद्दीन वर्षाचे असताना वडील वारले आणि नवव्या वर्षी आईचेही छत्र हरपले. त्यानंतर आजी व मामा अब्दुल रहमान यांनी त्यांचा सांभाळ केला. कामठीच्या मदरशात त्यांना अरबी, फारसी व उर्दूचे शिक्षण मिळाले. इंग्रजीचाही परिचय झाला. कामठीतील अब्दुल्ला शाह या सत्पुरुषाने मदरशात या मुलाची थोरवी ओळखली, अशी आख्यायिका सांगतात.

सैन्यसेवा

विशीच्या सुमारास ताजुद्दीन पलटणीत भरती झाले. त्यांची नेमणूक पुढे सागर येथे झाली. तेथे हजरत दाऊद मक्की यांच्या दर्ग्यात ते रात्री ध्यानात घालवू लागले. रात्री नातू छावणीत नसतो, हे कळल्यावर काळजीत पडलेली आजी कामठीहून सागरला गेली. नातू वाईट मार्गाला लागला असावा, अशी तिची शंका होती; प्रत्यक्षात तो दर्ग्यात ध्यानस्थ बसलेला तिला दिसला, असे चरित्रकार लिहितात. यानंतर ताजुद्दीन यांनी नोकरी सोडली आणि ते कामठीला परतले.

कामठीतील वर्षे

कामठीत त्यांचे वागणे लोकांना अनाकलनीय वाटू लागले. खाण्यापिण्याची व वस्त्रांची शुद्ध त्यांना उरली नाही. मुले त्यांच्यामागे दगड घेऊन धावत. नातलगांनी वैद्य-हकिमांचे उपाय करून पाहिले. परंतु गुण आला नाही. काही जणांना मात्र त्यांच्या तुटक बोलण्यात अर्थ जाणवू लागला आणि अशा लोकांची त्यांच्याभोवती गर्दी होऊ लागली. एकाच माणसाविषयी एकाच गावात दोन मते तयार झाली, ती याच काळात.

वेड्यांच्या इस्पितळात

भक्तपरंपरेतील चरित्रांनुसार, १८९२ च्या ऑगस्टमध्ये ताजुद्दीन विवस्त्र अवस्थेत छावणीतील युरोपीय स्त्रियांसमोर गेले. त्यावरून गवगवा झाला आणि त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली. त्या वेळी १८५८ चा ३६ वा कायदा लागू होता. मोकाट फिरणाऱ्या किंवा धोकादायक वाटणाऱ्या वेड्यास पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे, मॅजिस्ट्रेटने वैद्यकीय अधिकाऱ्याच्या साहाय्याने त्यास तपासावे आणि खात्री पटल्यास इस्पितळात पाठवावे, अशी त्यात तरतूद होती. रुग्णाचे म्हणणे ऐकून घेण्यास या पद्धतीत फारसा वाव नव्हता.

नागपूरचे हे इस्पितळ १८६४ मध्ये सुरू झाले होते. आजचे प्रादेशिक मनोरुग्णालय ते हेच. अशा संस्थांवर त्या काळी बहुधा सिव्हिल सर्जनची देखरेख असे. उपचार म्हणजे मुख्यतः बंदोबस्त, नियमित अन्न, शेती-बागकामासारखे श्रम आणि उत्तेजित रुग्णास शांत करण्यासाठी ब्रोमाइड किंवा क्लोरल यांसारखी औषधे. वेडाचे कारण नोंदवहीत लिहावे लागे आणि तेथे गांजाचे नाव वारंवार येई. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगाने नेमकी १८९२ या वर्षी देशभरातील इस्पितळांत दाखल झालेल्यांची प्रकरणे पुन्हा तपासली, तेव्हा गांजाकडे बोट दाखवणाऱ्या पुष्कळ नोंदी पुरेशा चौकशीविना केलेल्या आढळल्या. ताजुद्दीन ज्या वर्षी आत गेले, त्या वर्षीच्या नोंदवह्या किती भरवशाच्या होत्या, याची यावरून कल्पना येते.

इस्पितळात ताजुद्दीन यांची कीर्ती कमी झाली नाही, उलट वाढली. त्यांच्या दर्शनासाठी हिंदू, मुसलमान, पारशी असे सर्व धर्मांचे लोक येत. तेथील डॉक्टर व कर्मचारीही त्यांच्याशी आदराने वागू लागले, असे चरित्रांत म्हटले आहे.

सुटका

१९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांची सुटका करविली. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले असले, तरी शहरात भोसले घराण्याचा मान टिकून होता. १८५८ च्या कायद्यानुसार, रुग्णाची नीट काळजी घेण्याची आणि त्याच्या हातून कोणास इजा होऊ न देण्याची हमी नातलगाने किंवा स्नेह्याने दिल्यास त्यास घरी नेता येत असे. रघुजीरावांनी अशी हमी दिली. जामिनाची रक्कम दोन हजार रुपये होती, असे सांगितले जाते. त्यांनी ताजुद्दीन यांना सक्करदरा येथील आपल्या वाड्यात आणून ठेवले. रक्ताचे नाते नसलेल्या आणि परधर्मीय माणसाची जबाबदारी एका हिंदू राजाने कायद्यापुढे पत्करली, ही गोष्ट नागपूरकर आजही आवर्जून सांगतात.

वाकी येथील वास्तव्य

काही काळाने ताजुद्दीन बाबा सावनेर तालुक्यातील वाकी या कन्हानकाठच्या गावी गेले. तेथे काशीनाथराव पाटील यांनी त्यांची व्यवस्था ठेवली. बाबांनी वाकीच्या परिसरात निरनिराळ्या जागा ठरवून दिल्या होत्या. एका जागेस मशीद, एकीस मदरसा आणि एकीस शफाखाना, म्हणजे दवाखाना, असे ते म्हणत. या जागांवर इमारती नव्हत्या. आजारी माणसे शफाखान्याच्या जागी झाडाखाली मुक्काम करीत आणि परीक्षेची चिंता असलेले विद्यार्थी मदरशाच्या जागी जाऊन बसत. सोळा वर्षे भिंतींआड राहिलेल्या बाबांनी वसवलेल्या या दवाखान्याला भिंती नव्हत्या आणि तेथून कोणासही कोणत्याही वेळी निघून जाता येत असे.

अखेरचा काळ

पुढे बाबा सक्करदऱ्यास परतले. १७ ऑगस्ट १९२५ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. उमरेड मार्गावरील ज्या ठिकाणी त्यांचे दफन झाले, ते ठिकाण आज ताजबाग या नावाने ओळखले जाते.

वेड, अवलियापण आणि निदान

सूफी परंपरेत ईश्वरी ओढीने देहभान हरपलेल्या साधकास मजजूब म्हणतात. ताजुद्दीन बाबांचे भक्त त्यांना याच कोटीतील मानतात. विदर्भाला ही कल्पना परकी नव्हती. महानुभाव पंथाने वंदनीय मानलेले रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू वेड्यासारखे वागत, असे त्यांच्या तेराव्या शतकातील चरित्रात वर्णन आहे. १८७८ मध्ये शेगावात प्रकटलेल्या गजानन महाराजांनाही प्रथम पाहणाऱ्या काहींनी वेडे ठरविले होते. मराठीतील अवलिया हा शब्द मूळ अरबी असून त्याचा अर्थ ईश्वराचे मित्र असा होतो. मराठीत मात्र त्यास विक्षिप्तपणाचीही छटा आली. संतत्व आणि वेडेपण यांची सीमारेषा या भाषेने एकाच शब्दात सामावून घेतली आहे.

बाबांना नेमका कोणता मनोविकार होता किंवा नव्हता, हे भक्तांनी लिहिलेल्या चरित्रांवरून ठरविणे शास्त्राला धरून नाही. ज्या निकषांवर आज निदान होते, ते त्या काळी घडतच होते. छिन्नमनस्कता या विकाराचे आजचे नाव स्वित्झर्लंडचे ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये, म्हणजे बाबांच्या सुटकेच्याच वर्षी सुचविले. त्यावरील पहिले परिणामकारक औषध क्लोरप्रोमाझिन १९५२ मध्ये वापरात आले. व्यक्तिमत्त्व विकारांची स्वतंत्र वर्गवारी त्याहूनही उशिरा, १९८० च्या अमेरिकी नियमावलीत स्थिरावली.

कानात आवाज ऐकू येणे म्हणजे वेड, अशी पूर्वीची सरसकट समजूत होती. आज मनोविकारशास्त्र तसे मानत नाही. असे आवाज छिन्नमनस्कतेत ऐकू येतात. सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार असलेल्या बऱ्याच जणांनाही ते येतात आणि त्यांचा संबंध पुष्कळदा बालपणीच्या आघातांशी आढळतो. शोकाच्या काळात निरोगी माणसालाही गेलेल्या आप्ताचा आवाज ऐकू येऊ शकतो. त्यामुळे उपचारही एकसारखे नसतात. छिन्नमनस्कतेत औषधांना मुख्य स्थान असते. व्यक्तिमत्त्व विकारात दीर्घकालीन मानसोपचार महत्त्वाचा ठरतो आणि औषधे आवश्यकतेनुसार जोड म्हणून दिली जातात. आवाज काय सांगतात, केव्हा येतात आणि त्यांना किती मानायचे, हे रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे हा आता उपचाराचाच भाग समजला जातो. आवाज इजा करण्यास सांगत असतील, तर मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे लागते.

मनोविकाराने त्रस्त माणसांना दर्ग्यात किंवा देवस्थानी नेण्याची प्रथा देशभर आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. याउलट गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात प्रार्थनेबरोबरच मनोविकारतज्ज्ञांचे उपचार उपलब्ध करून देणारा दवा-दुवा उपक्रम राबविण्यात आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास साखळीने बांधण्यास मनाई केली आणि आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क रुग्णालाच दिला. १९०८ साली रघुजीरावांनी आपणहून जी जबाबदारी उचलली, ती कोणी उचलावी हे आता रुग्णाला स्वतः ठरविता येते.

वारसा

मेहेरबाबांनी ताजुद्दीन बाबांना आपल्या काळातील पाच सद्‌गुरूंपैकी एक मानले. अन्य चार म्हणजे शिर्डीचे साईबाबा, साकोरीचे उपासनी महाराज, केडगावचे नारायण महाराज आणि पुण्याच्या हजरत बाबाजान. बाबांचे नातू, कराचीचे कलंदर बाबा औलिया यांनी त्यांच्याविषयी उर्दूत ग्रंथ लिहिला आहे. ताजबाग येथे दरवर्षी मोहरम महिन्यात उरूस भरतो आणि त्यास सर्व धर्मांचे भाविक येतात. वाकी येथील दरबारही श्रद्धास्थान आहे. कोराडी मार्गावरील मनोरुग्णालयात आजही रुग्णांवर उपचार होतात. नागपूरकरांच्या बोलण्यात मात्र त्याचे पागलखाना हे जुने नाव अद्याप टिकून आहे.